भिंतीपलीकडची खुडूक

त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी सारी नोकरी दुसऱ्यांची नावे पुकारण्यात घालवली, आणि त्यांचे स्वतःचे नाव कुणी मोठ्याने घेतले की ते अवघडून इकडेतिकडे पाहत. गाव त्यांना 'पुकारेवाले' म्हणे. मी त्यांची भाडेकरू, म्हणून काका म्हणत असे.

अंबडच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे राहून वादी-प्रतिवादींना आत बोलावायचे, हे त्यांचे काम. निजामाच्या राजवटीत ते शिपाई म्हणून लागले. पुढे राज्य बदलले, कामकाजाची भाषा बदलली, पण काकांचा पुकारा उर्दूच राहिला. 'फलाना वल्द फलाना हाजिर हो!' ही त्यांची हाळी म्हणे बाजारापर्यंत पोचत असे. मी त्यांच्या घरी राहायला गेले तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि तो आवाज कोंबड्यांच्या सेवेत रुजू झाला होता.

मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यासाठी मी अंबडला आले होते. पहिल्याच सकाळी परसातून गर्जना ऐकू आली, "मुद्दई हाजिर हो! गवाह हाजिर हो!" मी दचकून दार उघडले. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेले एक उंच, वाळके गृहस्थ हातात चिरलेल्या पाल्याची टोपली घेऊन ताठ उभे होते आणि खुराड्यातून निघालेल्या कोंबड्या त्यांच्या पायांशी गर्दी करीत होत्या.

"भिऊ नका बाई," काकू चुलीपुढून म्हणाल्या. "यांचं कोर्ट भरलंय."

त्या कोर्टात सतत कुरकुरणारी तांबडी कोंबडी म्हणजे मुद्दई, फिर्यादी. राखेच्या रंगाची, कधीही न ओरडणारी, मान तिरकी करून नुसती पाहत राहणारी, ती गवाह, साक्षीदार. कोंबड्याला अर्थातच मुन्सफसाहेब म्हणत. त्याला काका 'आपण' म्हणून संबोधीत. "मुन्सफसाहेब, आपण जरा मागं सरा. बायामाणसांना खाऊ द्या." यावर काकूंचे एक ठरलेले गाऱ्हाणे होते. "इतकी वर्सं संसार केला बाई, मला कधी 'आपण' म्हणाले न्हाईत. त्या तुरेवाल्याला म्हणतेत."

परसातली बाग होती ती या मंडळींसाठी. माणसांच्या घरात भाजी बाजारातून येई. परसात पिके ते सारे कोंबड्यांचे. पावसाळ्यात मका आणि बाजरी, थंडीत ज्वारीचा एक वाफा, बारा महिने माठ आणि पालक, आणि न्हाणीच्या दगडाखालच्या ओलाव्यावर लसूणघास. पावसात आपोआप उगवणारी घोळ लोक उपटून टाकतात. काका ती जपत, कारण मुद्दईला ती फार आवडे. वाफ्यांभोवती त्यांनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले होते. जिच्यासाठी पीक आहे तिनेच ते आधी उकरू नये, हा हेतू. न्हाणीचे पाणी कोणत्या वाफ्याकडे वळवायचे, हे रोज ठरे, आणि मला काकूंमार्फत लाजत लाजत निरोप येई, "बाई, आज दगडाच्या डाव्या अंगाला आंघोळ करा म्हणतेत. माठ सुकू राह्यलाय."

कोपऱ्यात एक मडके शेण आणि भुसा भरून पालथे घातलेले असे. त्यात वाळवी धरली की काका ते पिलांपुढे उलटे करीत आणि गंभीरपणे जाहीर करीत, "आज मटन हाय."

एकदा ते बदनापूरच्या शेती केंद्रात सूर्यफुलाचे बी मागायला गेले. ते पीक तेव्हा आपल्याकडे नवे होते. तिथल्या साहेबांनी विचारले, किती एकरांसाठी हवे? काका म्हणाले, "सात जणींपुरतं." साहेबांना वाटले, सात मुली आहेत. त्यांनी मूठभर जास्तच दिले.

अंड्याच्या बलकावरून कोंबडीने काय खाल्ले ते ओळखता येते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. बशीत अंडे फोडून ते मला समजावून सांगत. हे घासावरचे, हे मक्यावरचे. एकदा काकूंनी एक अंडे पुढे केले. "अन् हे कशावरचं?"

काकांनी बशी उजेडात धरली. "मक्यावरचं. बिलकुल. आपलाच मका."

"आत्ता कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलंय मी."

काकांनी बशी पुन्हा उजेडात धरली. "मंग त्यांनी बी मका पेरला आसंल," ते म्हणाले.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते आणि गाव ते नेतही असे. पण एकदा मी त्यांना विचारले, की चार दाणे बाजारातून आणून टाकले तर काय बिघडेल? तेव्हा ते हसले नाहीत. बहात्तरचा दुष्काळ सरून तोवर दोन पावसाळे झाले होते. ते म्हणाले, "त्या साली लोकं रांगंत उभे राहून रेशनची लाल ज्वारी घेऊ राह्यले होते. मी हितं दारात कोंबड्यांपुढं दाणे फेकू राह्यलो होतो. रस्त्यानं एक बाई चालली होती. थांबली. बघितलं. बोलली काहीच न्हाई, बघून गेली." त्यानंतर त्यांनी कोंबड्यांच्या नावाने वेगळे पेरायला सुरुवात केली. जे त्यांच्यासाठी पेरले तेवढेच त्यांनी खायचे, माणसाच्या वाट्याचे नाही.

परसाच्या मधोमध एक भिंत होती. माणसाच्या डोक्याएवढी उंच, दगड आणि मातीची, दिसायला सारी हिरवी. काका तिच्यावर वालाचे वेल चढवीत. त्या भिंतीपलीकडे त्यांचे धाकटे भाऊ राहत, आणि ते काकांशी बोलत नसत.

याची हकीकत मला काकूंनी सांगितली. वडील वारल्यावर परसाच्या वाटणीवरून भावाभावांत वाद झाला आणि धाकट्यांनी दावा लावला. दावा काकांच्याच न्यायालयात उभा राहिला. तारखेच्या दिवशी मुन्सफांनी समजूतदारपणे सुचवले, की आज पुकारा दुसऱ्या शिपायाने करावा. काकांनी नकार दिला. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. भाऊ आहे म्हणून आवाज चोरला असे कुणी म्हणायला नको. धाकटे समोरच्या लिंबाखाली, हाताच्या अंतरावर उभे होते. काकांनी त्यांच्याकडे न पाहता, रिवाजाप्रमाणे, तीनदा त्यांचे नाव पुकारले. आणि नावापुढे 'वल्द' म्हणून दोघांच्याही वडिलांचे नाव. नंतर स्वतःचे नाव पुकारले, पुन्हा तेच 'वल्द', पुन्हा वडिलांचे नाव, आणि स्वतःच 'हाजिर' म्हणून आत गेले. व्हरांड्यातली माणसे हसली.

वाटणी झाली. भिंत उभी राहिली. आड काकांच्या बाजूला आला. धाकट्यांनाही पाणी भरण्याची मुभा होती, पण ते कधी आले नाहीत. त्यांची बाजू तशीच दगडगोट्यांची, उघडी राहिली. मध्यस्थांना ते एवढेच म्हणत, "परसाचं मी कवाच विसरलो. पण आबाचं नाव यानं व्हरांड्यात वरडून घेतलं. सोयऱ्याधायऱ्यापुढं. चोराच्या बापाचं घेतेत तसं."

काकांची बाजू काकांना मांडता येत नसे. आपण निःपक्षपातीपणे वागलो, यापलीकडे त्यांच्यापाशी बोलायला काही नव्हते, आणि तेही ते हळूहळू बोलेनासे झाले होते. मी राहायला आले त्या वर्षी धाकट्यांच्या मुलाला नवीन जालन्यात एका आडत दुकानात चांगली नोकरी लागली होती आणि दिवाळीनंतर आईवडिलांना तो तिकडेच नेणार होता. भिंतीपलीकडच्या दाराला कुलूप लागणार होते. ही बातमी आल्यापासून काकांना एकच ध्यास लागला. "शिवी दिली तरी चालंल बाई," ते मला म्हणाले. "पण एकदा माझ्याकडं बघून दिली पाह्यजे."

त्यांचे प्रयत्न त्यांच्यासारखेच होते. वालाचे वेल ते मुद्दाम पलीकडे सोडीत. तिकडे शेंगा कुणी तोडीत नसे. त्या वेलावर वाळून तडकत. भोपळा भिंतीवरून पलीकडे लोंबला, तर दुसऱ्या दिवशी तो आमच्या पुढच्या पायरीवर ठेवलेला असे. एखादी कोंबडी उडून गेली तर धाकट्या काकू तिला टोपलीखाली झाकून, न बोलता आणून देत. त्या दोघी जावांचे मात्र भिंतीआडून बरे होते.

पावसाळा सरताना एका सकाळी गवाह हजर झाली नाही. काकांनी तीनदा पुकारले. मुन्सफसाहेबही आरवले. परसात सगळीकडे शोध झाला. शेवटी भिंतीपलीकडून धाकट्या काकूंचा आवाज आला, "जाऊबाई, तुमची राखुंडी आमच्या गव्हाणीत खुडूक होऊन बसलीय. खाली अंडी हायेत."

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. तिला जागेवरून हलवायचे नसते. हलवली की अंडी गार पडतात आणि ती पुन्हा बसत नाही. हे जितके काकांना ठाऊक होते तितकेच धाकट्यांनाही. दोघे एकाच घरात वाढलेले. म्हणजे आता पिले निघेपर्यंत तिचा मुक्काम तिकडेच राहणार होता, आणि तिला काय खाऊ घालायचे हा प्रश्न उभा राहिला.

मध्यस्थ म्हणून माझी निवड कशी झाली ते मला आजही नीट कळलेले नाही. भिंतीलगतच्या न्हाणीच्या दगडावर उभे राहिले की माझे डोके भिंतीवर जेमतेम दिसे, हेच बहुधा कारण असावे. माझा आवाज वर्गातसुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण इथे आवाजाची गरजच नव्हती.

"बाई, त्याला सांगा," काका अलीकडून म्हणाले, "कोंबडी माझी हाय, खाणं मी देईन. मका भरडून ठिवलाय."

मी पलीकडे पाहिले. धाकटे काका बाजेवर बसून दोरी वळत होते. थोरल्यांसारखेच उंच, तसेच वाळके. "ते म्हणतात की..." मी सुरुवात केली.

"ऐकलं. मी काय भैरा न्हाई. त्याला सांगा, माझ्या गव्हाणीत बसली ती माझी पाव्हणी. माझ्या दारात माझं खाईल."

"त्याला सांगा, तिला बाजारची ज्वारी चालत न्हाई."

"त्याला सांगा, काल अर्धी भाकर खाल्ली तिनं. चटणीसंगं."

"चटणीसंगं?" काका थेट भिंतीला ओरडले. मग भानावर येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला पलीकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

तडजोड अशी झाली, की भाकरी धाकट्यांची आणि हिरवा पाला काकांचा. रोज दुपारी मी दगडावर उभी राहून टोपली पलीकडे देत असे आणि ती रिकामी परत येई; पण नुसती येत नसे. "त्याला सांगा, माठ निबर झालाय. कोवळा खुडत जा म्हणावं." किंवा, "त्याला सांगा, पाला चिरून काहून देतो? तिला चोच हाय." काका हे सारे मान खाली घालून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पाला कोवळा, न चिरलेला असे. रागावण्याऐवजी ते खुशीत असत. "पिकाचं बोलू राह्यला," ते मला हळूच म्हणत. "पुढं माणसाचं बोलंल."

काकूंनी एकदा अर्धेलीचा विषय काढला. कोंबडी एकाची आणि उबवण दुसऱ्याच्या घरी, तर पिले निम्मी निम्मी, असा आमच्याकडचा रिवाज आहे. काकांचा चेहरा उतरला. "पुन्हा वाटणी?" ते म्हणाले. "न्हाई. सगळी त्याची. पण हे सांगू नका बाई त्याला. सांगितलं तर वापस करील."

याच दिवसांत एक गोष्ट घडत होती, जी रोजच्या गडबडीत माझ्याही लक्षात आली नव्हती. काकांनी पुकारा बंद केला होता. सकाळी ते टोपली घेऊन खुराड्यापाशी जात, खाली वाकत आणि एकेकीला हलक्या आवाजात बोलावत. मुद्दईला तर चक्क हाताने थोपटून उठवीत. घर विलक्षण शांत झाले होते.

ती शांतता ज्याला खुपली तो माणूस भिंतीपलीकडे होता. एका दुपारी टोपली परत देऊन पुन्हा बाजेवर दोरी वळायला बसताना धाकटे काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याला इचारा, पुकारा काहून बंद हाय? तब्येत बराबर न्हाई का त्याची?"

काका अलीकडे भिंतीला टेकून बसले होते. मीच उत्तर दिले, "खुडूक दचकून उठू नये म्हणून ते पुकारत नाहीत."

धाकट्यांचे हात दोरीवर थांबले. त्यांनी गव्हाणीकडे पाहिले. मग इतक्या हळू बोलले, की ते कुणाला उद्देशून होते ते मला सांगता येणार नाही. "कोंबडीसाठी गप बसला."

एवढेच. पण ते कशाला जाऊन लागले ते आम्हा तिघांनाही कळले. आबांच्या नावासाठी जो माणूस एक दिवस गप्प बसू शकला नव्हता, तो आज कोंबडीसाठी गप्प बसला होता. मी दगडावरून उतरू लागले. काकांनी हाताने मला थांबवले. भिंतीकडे पाठ असताच ते म्हणाले, "त्याला सांगा बाई, तवा बी गप बसायला पाह्यजे होतं. माझं चुकलं."

मी पलीकडे पाहिले. धाकटे नेहमीप्रमाणे 'ऐकलं' म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती.

"काय म्हणला?" ते म्हणाले. "मला ऐकू न्हाई आलं."

"ते म्हणतात..."

"तुम्ही न्हाई."

काका उठले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर वालाची पाने होती. त्यांना भाऊ दिसत नव्हता. ज्या गळ्याने बाजारापर्यंत नावे पोचवली त्यातून आवाज निघाला तो असा बारीक, की मी शेजारी असूनही कान देऊन ऐकला. "चुकलं माझं. आबाचं नाव तसं घ्यायला नको होतं."

धाकटे काका उठून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, "बोललात ते बरं केलं." त्यावर ते म्हणाले, "तो जेवला का, ते इचारा जावंला." नंतरचे सारे दिवस टोपली गेली आणि आली, पण तिच्याबरोबर ना माठाची तक्रार आली, ना पाल्याची. मला वाटले, संपले. दिवाळी जवळ आली होती.

धाकटे काका-काकू पुढे जालन्याला गेले, ते ठरल्याप्रमाणे गेलेच, आणि सणावाराला एसटीने येत-जात राहिले, हे इथेच सांगून टाकते. कारण मला जी सकाळ सांगायची आहे ती त्याआधीची आहे.

त्या सकाळी भिंतीवर घाव पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. काका धावत परसात आले, मीही दारात आले. मक्याच्या वाफ्याशेजारी भिंतीच्या बुडाची माती झडत होती. पहारेचे टोक आत आले, मागे गेले, पुन्हा आले, आणि एक मोठा दगड हलून अलीकडे लवंडला. खाली टोपलीभर भगदाड पडले. त्यातून आधी गवाह आली, मान तिरकी करून उभी राहिली, आणि तिच्यामागून पिले, एकावर एक ढकलली जात, पिवळी, राखाडी, एक काळे कुळकुळीत. भिंतीवरून उडणे पिलांना शक्य नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी कुणीतरी वाट केली होती.

काका पिलांकडे पाहतच नव्हते. ते भगदाडाकडे पाहत होते. तिथे आता जमिनीलगत एक चेहरा आडवा दिसत होता. धाकटे काका पलीकडे पालथे झोपून आत बघत होते. भिंत झाल्यापासून परसाचा हा भाग त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांची नजर आडावरून, घासावरून फिरत फिरत हातभर अंतरावरच्या मक्याच्या वाफ्यावर येऊन थांबली. यंदा रब्बीतही पेरलेला मका नुकताच वीतभर वर आला होता.

"दादा," ते म्हणाले, "मका लई दाट पेरलास. इरळ कर जरा."

कुंपणाची काटी बाजूला सारून काका वाफ्यात उकिडवे बसले आणि त्यांनी एका रोपाला हात घातला.

"ते न्हाई, ते जोमदार हाय. त्याच्या बाजूचं."

"हे?"

"हां, हे."

काकांनी ते उपटले. उपटलेले रोप त्यांनी भगदाडापुढे ठेवले. पिले त्यावर तुटून पडली. "अन् हे?" त्यांनी विचारले.

"ते बी काढ."

"हे?"

"राहू दे ते."

काकू चहाला बोलावून गेल्या, दोघांनाही ऐकू आले नाही. ऊन वाफ्यावर आले तरी काका तसेच बसून होते, एकेका रोपाला बोट लावून विचारीत होते, हे? आणि हे? आपण स्वतः पेरलेली, रोज पाहिलेली ती रोपे. ज्यांच्याविषयी कुणाला विचारण्याची त्यांना काहीच गरज नव्हती, तीसुद्धा.